चेरोकी टोपली घेताय? या चुका टाळा

अमेरिकेतले ग्रेट स्मोकी माउंटन्सचे डोंगर बघून झालं की नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या चेरोकी गावात खरेदी होतेच. चेरोकी ही तिथली मूलनिवासी जमात, गावाचं नावही तिच्यावरूनच. रस्त्यावरच्या दुकानांत ड्रीमकॅचर, टोटेम खांब, पिसांचे मुकुट लटकलेले असतात. ते चेरोकी समजून घेणं ही पहिली चूक. यातलं काहीच मुळात चेरोकी नाही; ड्रीमकॅचर तर ओजिब्वे या दुसऱ्याच जमातीचा. चेरोकींचं म्हणाल तर टोपल्या, कोरलेल्या लाकडी थापीने नक्षी उठवलेली मातीची भांडी आणि लाकडी मुखवटे.

दुसरी चूक लेबलाची. ‘नेटिव्ह अमेरिकन स्टाइल’ म्हणजे दुकानदाराने स्वतःला सोडवून घेतलंय. १९९० च्या कायद्याने मूलनिवासींच्या हातचा नसलेला माल त्यांचा म्हणून विकणं गुन्हा आहे, ‘स्टाइल’ म्हणणं नाही. कारागिराचं नाव, जमात आणि साहित्य विचारा, पावतीवर लिहून घ्या. टाळाटाळ झाली तर पुढचं दुकान. नाहीतर सरळ क्वाला आर्ट्स अँड क्राफ्ट्स म्युच्युअलमध्ये जा. कारागिरांची ही सहकारी संस्था १९४६ पासून गावात आहे. (साखर कारखान्यांच्या राज्यातून आलेल्यांना सहकार वेगळा समजवायला नको!)

किंमत ऐकून डोळे पांढरे होतात आणि घासाघीस सुरू होते. त्याआधी दुहेरी विणीची टोपली हातात घेऊन बघा. ती रिव्हरकेनची असते; रिव्हरकेन हा तिकडचा बांबूच. तो कापायचा, चिरायचा, सुरीने सोलून कामट्या पातळ करायच्या, मग काळ्या अक्रोडाच्या किंवा ब्लडरूट या वनस्पतीच्या मुळांच्या रंगात उकळायच्या. वीण आतल्या तळापासून वर चढते, काठावर वळते आणि बाहेरून खाली उतरते. एकात एक दोन टोपल्या, पण जोड कुठे दिसत नाही. ही वीण विसाव्या शतकात जवळजवळ लोपली होती.

ओक्लाहोमातली टोपली रिव्हरकेनची नाही म्हणून नकली ठरवू नका. १८३८-३९ मध्ये हाकलून तिकडे नेलेल्या चेरोकींनी तिथे मिळणाऱ्या बकब्रश या झुडपाच्या वेलीसारख्या लांब फांद्यांवर हात बसवला.

गरुडाचं पीस कुणी विकत असेल तर हातही लावू नका, अमेरिकेत त्याची खरेदी-विक्रीच बेकायदा आहे.

घरी आणल्यावरच्या तक्रारी ठरलेल्या. रंग फिका पडला? टोपली खिडकीतल्या उन्हात असणार. बुरशी आली? प्लॅस्टिकमधून काढून मोकळ्या हवेत, सावलीत ठेवा आणि कोरड्या मऊ ब्रशने झटका; धुऊ नका. फुलदाणीखाली टेबल ओलं होतंय? भांडं फुटकं नाही. उघड्या जाळावर भाजलेल्या, बिनझिलईच्या मातीतून पाणी पाझरतंच. फुलं वाळलेली ठेवा.