पार्किन: रविवारी भाजा, शनिवारी खा

मी कऱ्हाडकडचा. घरचं गुऱ्हाळ होतं. काहिलीतला रस आटत आला की गुळव्या एका तांब्यात काकवी काढून द्यायचा आणि आम्ही पोरं ती गरम भाकरीबरोबर खायचो. त्यामुळे इंग्लंडात, लीड्सजवळच्या मॉर्लीत राहायला आल्यावर दुकानात ब्लॅक ट्रीकलचा लाल डबा पहिल्यांदा उघडला, तेव्हा वासानंच कळलं की हे आपल्याच खानदानातलं आहे. काकवी मात्र नव्हे. साखर कारखान्यातून निघते ती मळी असते ना, तिचं साफसूफ करून डब्यात भरलेलं धाकटं भावंड. आईला फोनवर सांगितलं की इथले लोक मळीचा केक करतात, तर ती म्हणाली, "अरे, मळीची दारू करतात, केक कसला?"

त्या केकचं नाव पार्किन. यॉर्कशर आणि लँकशर या उत्तरेकडच्या दोन परगण्यांचा हा पदार्थ. इथली हवा गार आणि ओली, गव्हाला फारशी न मानवणारी. ओट्स मात्र मजेत येतात, म्हणून गरिबाच्या घरात मैद्यापेक्षा ओट्सचं पीठ जास्त असायचं. ते पीठ, ट्रीकल आणि सुंठ यांचा हा काळपट, चिकट, जड केक 5 नोव्हेंबरला, बॉनफायरच्या रात्री खातात. 1605 साली लंडनची पार्लमेंट दारूगोळ्यानं उडवायचा कट फसला, त्याची ही आठवण. त्यात पकडलेला गाय फॉक्स मूळचा यॉर्कचा. बाकी देशभर शेकोटीत त्याचा पुतळा जाळतात, पण तो ज्या शाळेत शिकला ती शाळा काही आपल्या विद्यार्थ्याला जाळत नाही. आमच्या घरी या सुमाराला दिवाळी असते, कधी चार दिवस आधी, कधी आठ दिवस नंतर. त्यामुळे चिवड्याच्या डब्याशेजारी पार्किनचा डबा हे दृश्य ठरलेलं.

पहिल्या वर्षी मी दोन चुका केल्या. त्या आधी सांगतो, म्हणजे तुमच्या वाचतील. पहिली म्हणजे ओट्सचं पीठ न आणता नाश्त्याचे चपटे ओट्स घातले. त्याचं पार्किन झालं नाही, इथं ज्याला फ्लॅपजॅक म्हणतात तशी चिवट वडी झाली. दुसऱ्या खेपेला पीठ बरोबर आणलं, पण ओव्हनमधून काढल्या काढल्या कापून खाल्लं. कोरडं, खरखरीत, घशात अडकणारं. एक तुकडा शेजारच्या आजीबाईंना नेऊन दिला. त्यांनी तो चाखलासुद्धा नाही. बोटानं दाबून बघितला, परत माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "डब्यात टाक, लव्ह. शनिवारी घेऊन ये." तो वार होता रविवार.

शनिवारी तोच केक ओळखू येईना. वरचा भाग बोटाला चिकटत होता, आतून ओलसर, आणि सुंठ आता कुठे बोलायला लागली होती. आपली पुरणपोळी दुसऱ्या दिवशी जशी जास्त चांगली लागते, तसंच. कारण साधं आहे. ओट्सचा दाणा जाड, त्याला ओलावा प्यायला वेळ लागतो. ट्रीकल आणि गोल्डन सिरप (साखरेचा सोनेरी, घट्ट पाक) हवेतला आणि केकमधला ओलावा धरून ठेवतात, आणि तो हळूहळू कडेपासून मध्यापर्यंत सगळीकडे सारखा पसरतो. भाजलेल्या दिवशी पार्किन अर्धंच झालेलं असतं, उरलेलं डब्यात होतं.

आता सामान. 20 सेंटिमीटरच्या चौकोनी टिनासाठी हे माझं प्रमाण: ओट्सचं मध्यम जाड पीठ 200 ग्रॅम, मैदा 150 ग्रॅम, लोणी 125 ग्रॅम, ब्लॅक ट्रीकल 125 ग्रॅम, गोल्डन सिरप 100 ग्रॅम, गडद ब्राऊन शुगर 100 ग्रॅम, दूध 100 मिली, एक मोठं अंडं, सुंठ पूड एक मोठा चमचा सपाट, खायचा सोडा एक छोटा चमचा, अर्धं जायफळ किसून, आणि दोन चिमटी मीठ. लँकशरवाले ट्रीकल कमी आणि गोल्डन सिरप जास्त घालतात, केक फिकट होतो. आजीबाई पेनाइन डोंगरापलीकडच्या, म्हणजे लँकशरच्या, त्यामुळे माझं पार्किन त्यांना अजूनही "जरा काळंच" वाटतं.

ओट्सचं पीठ म्हणजे भुकटी नव्हे, जाड रव्यासारखं हवं. भारतात असाल तर साधे चपटे ओट्स मिक्सरमधून थांबत थांबत फिरवा आणि रवाळ असतानाच थांबा. सुंठीबाबत एक गोष्ट: गावाकडून आणलेली सुंठ घरी कुटली तर ती इथल्या बाटलीतल्या पुडीपेक्षा बरीच तिखट असते, पण तिच्यात दोरे असतात. बारीक चाळणीनं चाळा, आणि मोठ्या चमच्याऐवजी पाऊण चमचा घ्या. सुंठवड्याची सवय असलेल्यांनी पूर्ण घातली तरी हरकत नाही.

ट्रीकल मोजणं हे एक वेगळंच प्रकरण आहे. चमच्यानं काढायला गेलात तर निम्मं चमच्याला, पाव ओट्याला आणि उरलेलं बाहीला. डबा दहा मिनिटं गरम पाण्यात उभा ठेवा. पातेलंच वजनकाट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, आणि सरळ त्यात ओता. मग सिरप, मग लोणी, मग साखर, सगळं त्याच पातेल्यात.

ओव्हन 150 अंशांवर तापत ठेवा, पंख्याचा असेल तर 135 वर. टिनाला बटर पेपर लावा, दोन बाजूंनी बाहेर लोंबेल असा, म्हणजे नंतर केक उचलता येतो. पातेलं अगदी मंद आचेवर ठेवा. लोणी वितळलं, साखर विरघळली की उतरवा. उकळी येऊ देऊ नका. गुऱ्हाळातल्या माणसाला हे सांगणं कठीण आहे, पाक दिसला की माझा हात आपोआप आच वाढवायला जातो. पण हा पाक उकळला तर केकला चिक्कीचा कडकपणा येतो, आणि तो डब्यात आठवडाभर ठेवूनही पुरता जात नाही.

मिश्रण बोट बुडवता येईल इतकं कोमट होऊ द्या, नाहीतर अंड्याची भुर्जी होईल. तोवर मोठ्या परातीत मैदा, ओट्सचं पीठ, सुंठ, जायफळ, सोडा, मीठ नीट एकत्र करा. सोड्याची गुठळी राहिली तर खाताना साबणासारखी चव येते, म्हणून सोडा मैद्याबरोबर चाळून घ्या. मध्ये आळं करून कोमट पाक ओता, ढवळा. मग दुधात फेटलेलं अंडं. पीठ घावनापेक्षा घट्ट आणि भज्यांच्या पिठापेक्षा सैल दिसेल. इथे हमखास वाटतं की पातळ झालं, अजून थोडा मैदा घालू या. घालू नका. ओट्स ते पाणी नंतर पिणार आहेत. ट्रीकल थोडं आंबट असतं, सोडा त्याच्याशी लगेच कामाला लागतो, म्हणून पीठ ठेवून द्यायचं नाही. टिनात ओतलं की थेट ओव्हनमध्ये.

साधारण एक तास. पहिली चाळीस मिनिटं दार उघडायचं नाही. मी एकदा पंचविसाव्या मिनिटाला डोकावलो आणि मध्ये खड्डा पडला, त्यात पाऊस साठेल एवढा. कडा टिनापासून सुटल्या, मध्ये दाबल्यावर पृष्ठभाग परत वर आला, सळई टोचल्यावर ओलं पीठ न येता एखाददुसरा चिकट कण आला, की झालं. भारतातल्या ओटीजीत फक्त खालचा रॉड लावा आणि अर्ध्या तासानंतरही वरून फार काळं पडतंय असं काचेतून दिसलं, तर चाळीस मिनिटं झाल्यावर वर फॉइल टाका.

टिनातच पूर्ण गार करा. कापू नका. अख्खा केक त्याच बटर पेपरात गुंडाळा, वरून फॉइल, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात. डब्यावर मी तारीख लिहितो, कारण घरात चोर आहेत. तिसऱ्या दिवशी खाण्याजोगं होतं, पाचव्या ते सातव्या दिवशी उत्तम. थंड हवेत दोन आठवडे सहज टिकतं. आठवड्यानंतरही कोरडंच असेल तर सफरचंदाची एक फोड डब्यात एक रात्र ठेवा आणि सकाळी आठवणीनं काढून टाका. मऊ झालेल्या केकचे चौकोन कापा. सोबत दुधाचा कडक चहा, दुसरं काही नको.

काकवीबद्दल बरेच जण विचारतात. हो, चालते. ट्रीकल आणि सिरप मिळून 225 ग्रॅमच्या जागी तेवढीच घट्ट काकवी घ्या. पण दोन गोष्टी सांभाळा. काकवी ट्रीकलपेक्षा पातळ असते, म्हणून दूध 100 ऐवजी 70 मिली. आणि गुऱ्हाळात रस साफ करायला भेंडीच्या झाडाच्या चिकाबरोबर चुन्याची निवळीही घालतात, त्यानं रसातला आंबटपणा मरतो. मग सोड्याला जोडीदार राहत नाही. त्या दुधात एक मोठा चमचा आंबट दही फेटून घाला. केकचा रंग तपकिरी येतो, काळा नाही, आणि चव मला तरी यॉर्कशरपेक्षा कऱ्हाडचीच वाटते. वाईट नाही, पण पार्किनला जी थोडी कडवट झाक असते ती काकवीत येत नाही.

पार्किन एका टिनात नेहमी जास्तच होतं. उरलेले चौकोन मी फ्रीझरमध्ये टाकतो आणि जानेवारीची वाट बघतो. कारण जानेवारीत रुबार्ब येतं, म्हणजे आंबट देठांची एक भाजी.

मॉर्ली, वेकफिल्ड आणि रॉथवेल यांच्यामधल्या पट्ट्याला रुबार्बचा त्रिकोण म्हणतात. रोप दोन वर्षं शेतात वाढवतात, काही काढत नाहीत. थंडी खाऊन झाली की मुळं उपटून लांबलचक अंधाऱ्या शेडमध्ये नेतात. तिथे उजेड नसल्यानं रोप मुळात साठवलेल्या ताकदीवर उजेड शोधत वर धावतं, आणि देठ कोवळे, गुलाबी, गोडसर निघतात. तोडणी मेणबत्तीच्या उजेडात करतात. पूर्वी शेताला खत म्हणून इथल्या गिरण्यांमधली लोकरीची रद्दी घालायचे. 2010 साली या रुबार्बला युरोपातलं भौगोलिक संरक्षणही मिळालं. चव? आपला आंबट चुका आणि रुबार्ब एकाच कुळातले आहेत, आंबटपणाही त्याच जातीचा. फक्त रुबार्बची पानं विषारी, ती कापून टाकायची. देठच खायचे.

तर पार्किन-रुबार्ब आइस्क्रीम. मशीन लागत नाही. व्हिक्टोरियन काळात इथे ब्राऊन ब्रेडचा चुरा खरपूस करून आइस्क्रीममध्ये घालायचे, त्याचाच हा यॉर्कशरी चुलतभाऊ समजा.

300 ग्रॅम रुबार्बचे बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे, 75 ग्रॅम साखर आणि संत्र्याची किसलेली साल एका ट्रेमध्ये घालून फॉइलनं झाका, 190 अंशांवर पंधरा मिनिटं. तुकडे मऊ व्हावेत, लगदा नको. चाळणीवर निथळू द्या आणि खाली जमलेला गुलाबी रस छोट्या पातेल्यात आटवा. एकतारी यायच्या थोडं आधी थांबा. ही पायरी टाळू नका. रुबार्बमध्ये पाणीच पाणी असतं, निथळलं नाही तर आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे चावावे लागतात. आटवलेला रस तुकड्यांवर ओता आणि पूर्ण गार करा.

300 मिली थंडगार डबल क्रीम (इथलं दाट क्रीम) फेटा. सैलसर श्रीखंडासारखं झालं की हात थांबवा. आणखी फेटलंत तर लोणी आणि ताक वेगळं होईल, आणि मग आइस्क्रीमऐवजी थालीपीठ करावं लागेल. त्यात 200 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, म्हणजे 397 ग्रॅमचा अर्धा डबा, चिमूटभर मीठ आणि पाव चमचा सुंठ हलक्या हातानं मिसळा. फेटलेल्या क्रीममधली हवा आणि कंडेन्स्ड मिल्कमधली साखर, दोघी मिळून त्याचा दगड होऊ देत नाहीत. 150 ग्रॅम पार्किन बोटांनी चुरा. वाटाण्याएवढे तुकडे राहू द्या, त्यात साखर इतकी असते की गोठूनही ते चिवट आणि मऊ राहतात. डब्यात एक थर क्रीमचा, वर पार्किन, वर रुबार्ब, पुन्हा क्रीम. सुरीनं एकदाच आठाचा आकडा काढा. पृष्ठभागाला चिकटेल असा प्लास्टिकचा कागद लावून झाकण, आणि रात्रभर फ्रीझर.

पुण्या-मुंबईत करणार असाल तर 25 टक्के फॅटचं नेहमीचं फ्रेश क्रीम फेटलं जात नाही, कितीही वेळ हात दुखवा. 35 टक्क्यांचं डेअरी व्हिपिंग क्रीम शोधा. रुबार्बच्या जागी महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, वर थोडं लिंबू पिळून. हंगामही जुळतो.

वाढायच्या दहा मिनिटं आधी डबा बाहेर काढून ठेवा. आजीबाईंना मी यंदा वाटीभर नेऊन दिलं. त्यांनी खाल्लं, वाटी धुऊन परत दिली आणि म्हणाल्या की पुढच्या वेळी ट्रीकल थोडं कमी घाल.