म्युनिकमधला पहिला आगमनकाळ : वसई-मुंबईहून नव्याने आलेल्यांसाठी

नोव्हेंबर सरत आला की नव्याने आलेल्या आपल्या कॅथलिक माणसांचे फोन सुरू होतात. कोणी नर्सिंगच्या नोकरीवर आलेलं असतं, कोणी आयटीत, कोणी शिकायला. प्रश्न ठरलेला : इंग्लिश मिस्सा (चर्चमधली उपासना) कुठे असते? पत्ता मी देते. पण लगेच हेही सांगते की तिथे जरूर जा, पण आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीचे, चार आठवडे तरी घराजवळचं जर्मन चर्च सोडू नका. जर्मन भाषा न येणाऱ्या माणसाला धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या स्थानिक समाजात, शिरायला वर्षभरात याहून सोपी वाट नाही, कारण या दिवसांतली निम्मी कामं हातांची असतात. बोलता आलं नाही तरी भागतं.

वसईत धर्मग्राम आपल्याला शोधत घरी येतो. रोझरी कोणाच्या घरी ते कोणीतरी सांगून जातं, गव्हाणीच्या, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याच्या, वर्गणीला पोरं येतात, फादर घर आशीर्वादित करून जातात. इथे कोणी येणार नाही. हा कोरडेपणा समजू नका. न कळवता कोणाचं दार वाजवणं इथल्या रीतीत बसत नाही, एवढंच. तुम्ही गेलात, नाव सांगितलंत, "काही मदत हवी का?" असं विचारलंत, की पुढचं आपोआप होतं. धर्मग्रामाच्या कचेरीला फारब्युरो म्हणतात. आठवड्यातून काही ठरलेल्या तासांपुरतीच ती उघडी असते, तेव्हा वेळ बघून जा आणि स्नानसंस्काराचा, म्हणजे बाप्तिस्म्याचा, दाखला जवळ ठेवा. बऱ्याच ठिकाणी चार-पाच धर्मग्राम एकाच धर्मगुरूकडे असतात, त्यामुळे मिस्सा या रविवारी या चर्चमध्ये तर पुढच्या रविवारी त्या चर्चमध्ये असू शकते. आणि तो धर्मगुरू केरळचा निघाला तर दचकू नका. जर्मनीत भारतीय धर्मगुरू पुष्कळ आहेत.

पैशाचं आधीच बोलून घेऊ, कारण हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. पत्ता नोंदवताना, म्हणजे आन्मेल्डुंगच्या अर्जात, धर्माचा रकाना असतो. तिथे रोमन कॅथलिक लिहिलं की पगारातून किर्खेनश्टॉयर, म्हणजे चर्च-कर, कापला जातो. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्यांत तो ८ टक्के आणि इतरत्र ९ टक्के असतो. हे टक्के पगारावर नसून आयकरावर आहेत. महिन्याला ५०० युरो आयकर जात असेल तर म्युनिकमध्ये चर्च-कर ४० युरो. वार्षिक विवरणपत्रात त्याची वजावट मिळते. "रकाना कोरा सोड, वाचतील पैसे" असं सांगणारे भेटतील, आपल्यातलेच भेटतील. माझं मत विचाराल तर स्नानसंस्कार झालाय ना, मग कॅथलिक लिहा. पुढे कर टाळायला सरकारी कचेरीत जाऊन चर्च सोडल्याची नोंद केलीत, तर जर्मन बिशपांच्या २०१२च्या आदेशानुसार संस्कार घेता येत नाहीत, कोणाचं धर्मपिता-धर्ममाता होता येत नाही. आपल्या मुलाच्या पहिल्या कम्युनियनच्या (पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या) दिवशी ते कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

आता मूळ विषय. २०२६ मध्ये आगमनकाळाचा पहिला रविवार २९ नोव्हेंबरला येतो. त्याच्या आदल्या आठवड्यात फारहाइममध्ये, म्हणजे धर्मग्रामाच्या सभागृहात, बायका आडव्हेंट्सक्रान्त्स बांधायला बसतात. क्रान्त्स म्हणजे चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं. सूचना चर्चच्या मागच्या टेबलावरच्या पत्रकात, फारब्रीफमध्ये, छापलेली असते. जाताना बागेची कात्री न्या, असली तर. बाकी सगळं तिथे असतं : पेंढ्याचं गोल कडं, फरच्या फांद्यांचे ढीग, हिरव्या तारेची रिळं. फांदीचे वीतभर तुकडे करायचे, तीन-तीन तुकड्यांची जुडी कड्यावर आडवी धरायची, तार दोनदा ओढून फिरवायची, पुढची जुडी आधीच्या देठांवर चढवायची. पेंढा कुठेही दिसता कामा नये. वसईच्या अंगणात ज्यांनी वेण्या गुंफल्यात त्यांना हे शिकवावं लागत नाही. बोटं आपसूक चालतात, आणि शेजारची आजी तुमच्याकडे बघून मान डोलावते. राळेने हात चिकट होतात. साबणाने ती जात नाही, खाण्याचं तेल चोळा आणि मग धुवा. ही कडी चर्चबाहेर विकून पैसे सत्कार्याला देतात. एक कडं तुम्हीही घ्या आणि पहिल्या रविवारच्या मिस्सेला घेऊन जा, फादर ती आशीर्वादित करतात.

या कड्याचा जन्म कॅथलिक चर्चमधला नाही, हे इथल्या कॅथलिकांनाही कधीकधी ठाऊक नसतं. हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखेर्न नावाचे प्रोटेस्टंट धर्मोपदेशक गरीब, निराधार मुलांसाठी आश्रम चालवत. नाताळ किती दिवसांवर आला, असं मुलं सारखी विचारत म्हणून त्यांनी १८३९ मध्ये एका लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या : रोजच्या दिवसांसाठी लहान, आणि रविवारांसाठी चार मोठ्या. कॅथलिक चर्चमध्ये तो रिवाज विसाव्या शतकात आला. आपल्याकडे तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती असते. इथे बहुतेक घरांत चारही लाल दिसतील, त्यात काही चुकलेलं नाही. घरी दर रविवारी संध्याकाळी सगळे बसलेले असताना एकेक मेणबत्ती वाढवत पेटवायची, एक छोटी प्रार्थना म्हणायची. चौथ्या आठवड्यापर्यंत फर वाळून कोळ होतं आणि एका ठिणगीत भडकतं. खोलीतून बाहेर जाताना मेणबत्ती विझवा, दोन मिनिटांसाठी जात असलात तरी. आणि मेणबत्त्या शनिवारीच आणून ठेवा, रविवारी दुकानं बंद.

जर्मन कळत नसेल तर मिस्सेत काय करायचं? घरून निघण्याआधी त्या दिवसाची वाचनं मराठी बायबलमध्ये वाचून जा. वाचनं इथे आणि वसईतल्या नंदाखालला तीच असतात. यशया संदेष्ट्याची वचनं आहेत, दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान आहे. ग्लोरिया हे स्तुतिगीत गाळलेलं असतं, आलेलुयाचा घोष असतो, वस्त्रं जांभळी असतात. चौकट ओळखीची असली की शब्दांवाचून अडत नाही. भिंतीवरच्या फलकावर आकडे दिसतील, ते गोटेसलोब या गीतपुस्तकातले क्रमांक. पुस्तकं दाराशी रचलेली असतात, निघताना जागेवर ठेवायची.

रोराटे मात्र चुकवू नका. बाकी सगळं जमलं नाही तरी चालेल. आगमनकाळात आठवड्यातून एकदा, सकाळी सहा किंवा साडेसहाला, मरियेच्या सन्मानार्थ केवळ मेणबत्त्यांच्या उजेडात होणारी ही मिस्सा. "आकाशांनो, वरून दव वर्षा" अशा अर्थाच्या यशयाच्या ४५व्या अध्यायातल्या ओळीवरून तिला हे लॅटिन नाव पडलं. डिसेंबरात म्युनिकला सूर्य आठच्या सुमाराला उगवतो, म्हणजे तुम्ही मध्यरात्रीसारख्या काळोखात घराबाहेर पडता. चर्चमध्ये विजेचा दिवा नसतो. दारात कोणीतरी हातात कागदी चकतीची मेणबत्ती देतं. चकती मेण हातावर ओघळू नये म्हणून असते, मेणबत्ती सरळ धरा. पुस्तकातलं अक्षर जेमतेम दिसतं, म्हणून लोक पाठ असलेली गाणी म्हणतात आणि बाकी वेळ गप्प असतात. आपली शांततेची सवय तशी कमीच. लाउडस्पीकर, गायकवृंद आणि मागच्या बाकावरच्या गप्पा यांत आपण वाढलो. पहिल्यांदा ती शांतता अंगावर येते. मग पुढच्या आठवड्यात पाय आपोआप वळतात. कोट काढू नका, चर्च गार असतं.

रोराटेनंतर बऱ्याच ठिकाणी फारहाइममध्ये न्याहारी असते : पाव, लोणी, जॅम, चीज, कॉफी. ओळखी खऱ्या तिथे होतात, कारण ऑफिसला जायच्या घाईत सगळेच थोडं बोलतात आणि तुमचं मोडकं जर्मन तेवढ्या वेळात खपून जातं. दुसऱ्यांदा जाताना कुलकुलांचा, आपल्या नाताळच्या गोड फराळाचा, डबा न्या. इथल्या बायका पूर्ण आगमनकाळभर घरी बिस्किटं भाजतात, त्यांना तळलेल्या कुलकुलाचे शिंपले कसे वळले हे जाणून घ्यायचंच असतं. काट्यावर दाबून दाखवा. मैदा म्हणून टाइप ४०५ लिहिलेलं पीठ घ्यायचं, रव्याला ग्रीस म्हणतात. नेवऱ्यांसाठी आणि दोदोलसाठी आशियाई दुकानातला गोठवलेला खोवलेला नारळ चालतो. इथल्या सुपरमार्केटमधला आख्खा नारळ फोडेपर्यंत भरवसा नसतो.

पापनिवेदनाबद्दल, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करण्याबद्दल, नीट समजून घ्या. वसईत नाताळाआधी एका संध्याकाळी आठ-दहा फादर येऊन बसतात आणि रांगा लागतात. इथे धर्मग्रामात बहुधा बूसगोटेसडीन्स्ट होतो, म्हणजे सामुदायिक प्रायश्चित्त प्रार्थना. ती मन तयार करायला फार चांगली, पण वैयक्तिक पापक्षमेच्या संस्काराची जागा ती घेत नाही. पापनिवेदन करायचं असेल तर शहराच्या मध्यात नॉयहाउझर रस्त्यावर जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचं सेंट मायकल चर्च आहे आणि जवळच ब्युर्गरझाल हे चर्च आहे. वेळा पाहून जा, इंग्रजी चालेल का हे सुरुवातीलाच विचारा. (पापं मराठीत आठवतात, इंग्रजीत सांगावी लागतात. घरी कागदावर टिपून घेतलेलं बरं.) ब्युर्गरझालच्या तळघरातल्या चर्चमध्ये धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) रुपर्ट मायर यांची कबर आहे. नाझींच्या विरोधात उघडपणे प्रवचनं देणारे हे जेझुइट. त्यासाठी तुरुंगात गेले, छळछावणीत राहिले आणि १ नोव्हेंबर १९४५ ला वारले. १९८७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्य घोषित केलं. बाहेर खरेदीची झुंबड असते आणि आत माणसं पिशव्या पायाशी ठेवून गुडघ्यावर बसलेली असतात.

नाताळच्या बाजाराचंही तेच. मरियनप्लाट्झ या चौकातला क्रिस्टकिंडलमार्क्ट बघा, गरम वाइन प्या, फोटो घरी पाठवा. पण त्यालाच आगमनकाळ समजून बसू नका. त्याच बाजारात गव्हाणीच्या मूर्ती विकणारे वेगळे ठेले असतात, तिकडे वेळ काढा. आपल्या पोरांनी बांबू आणि गवताने उभे केलेले देखावे ज्यांनी पाहिलेत, त्यांना बव्हेरियन नॅशनल म्युझियममधला जुन्या गव्हाण्यांचा संग्रह वेड लावेल.

लहान मुलं असतील तर दोन तारखा लक्षात ठेवा. ४ डिसेंबर, संत बार्बरा : चेरीच्या डहाळ्या कापून पाण्यात ठेवतात, त्या नाताळाला फुलतात. ५ डिसेंबरच्या रात्री मुलं बूट घासून दाराबाहेर ठेवतात आणि ६ ला सकाळी त्यात अक्रोड, संत्री, चॉकलेट असतं. हा निकोलाउस म्हणजे डोक्यावर मुकुट, हातात दंड असलेला मिराचा बिशप. लाल टोपीवाल्या म्हाताऱ्याशी त्याची गल्लत केलीत तर शाळेतली मुलंच तुम्हाला दुरुस्त करतील. तुमचं मूल तिसरीत असेल तर पहिल्या कम्युनियनची नोंदणी झाली का, ते लगेच विचारा. तयारी याच दिवसांत सुरू होते.

२४ डिसेंबरला दुकानं दुपारी दोनच्या आसपास बंद होतात आणि २७ पर्यंत उघडत नाहीत, मध्ये रविवार आला तर आणखी लांबतं. मुलांचं नाताळ-नाट्य दुपारी तीन-चारला असतं. वर्षभर रिकामं असणारं चर्च त्या दिवशी ओसंडतं, अर्धा तास आधी जा. रात्रीच्या मिस्सेला क्रिस्टमेटे म्हणतात, ती बहुधा दहानंतर. वसई साडेचार तास पुढे आहे, त्यामुळे तिकडची नाताळची मिस्सा फोनवर पाहून इकडे जाता येतं. त्या दिवशीचं दान आडव्हेनिआट या संस्थेमार्फत लॅटिन अमेरिकेतल्या चर्चला जातं, १९६१ पासून ही रीत आहे. २४ची संध्याकाळ जर्मन कुटुंब फक्त घरच्यांबरोबर घालवतं. कोणी बोलावलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. एकटे असाल तर आठवडाभर आधी फारब्युरोत सांगा, काही धर्मग्रामांत एकट्या माणसांसाठी एकत्र जेवण असतं. २६ला इथे सुट्टी असते, आपल्या लोकांनी जमायला तोच दिवस बरा.

आणि हे सगळं संपल्यावर येतात श्टेर्नझिंगर : तीन राजांच्या वेषातली मुलं, जी ६ जानेवारीच्या आसपास घरोघर गाऊन गरीब देशांतल्या मुलांसाठी पैसे जमवतात आणि दारावर खडूने सालाचे आकडे व सी, एम, बी ही अक्षरं लिहितात. त्यांची नावं आगमनकाळातच घेतात. मुलं नेहमी कमी पडतात, तेव्हा तुमच्या मुलाचं नाव बिनधास्त द्या. गाणं दोन कडव्यांचं असतं, आठवड्याभरात पाठ होतं. मुकुटाखाली बसेल अशी पातळ कानटोपी मात्र आधी शोधून ठेवा.