ट्रेकचं सामान: इथल्या दुकानातून काय घ्यायचं, बाहेरून काय मागवायचं

पहिल्या पावसाचा अंदाज आला की आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर तेच प्रश्न सुरू होतात, मावसभाऊ अमेरिकेहून येतोय तर बूट मागवू का, अमुक साइटवर जॅकेट निम्म्या किमतीत दिसतंय घेऊन टाकू का. प्रत्येकाला वेगळं वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

माझा नियम साधा आहे. जे मापात बसावं लागतं ते इथेच, दुकानात जाऊन, घालून बघून घ्यायचं. ज्यावर जीव लटकतो ते कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घ्यायचं. आणि बाहेरून फक्त तेच मागवायचं जे लहान आहे, हलकं आहे, ज्याला मापाची भानगड नाही आणि जे इथे खरंच मिळत नाही.

आधी बूट, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. मी एकदा परदेशातून बूट मागवले होते, साइझ चार्ट नीट बघून, पाय कागदावर ठेवून पेन्सिलने आखून वगैरे. घरात फरशीवर एकदम मस्त वाटले. राजगड चढतानाही काही वाटलं नाही, पण उतरताना दोन्ही अंगठे दर पावलाला पुढे आदळायला लागले आणि गुंजवण्यात पोचून मोजा काढला तर उजव्या अंगठ्याचं नख मुळापासून काळंनिळं, महिन्याभरात ते निघूनच आलं. बूट परत पाठवायला जो खर्च सांगितला तो ऐकून विषयच सोडला, शिवाय भरलेली कस्टम ड्युटी परत मागायची तर त्याची कागदपत्रं वेगळी.

म्हणून बूट घ्यायला दुकानात जा, आणि संध्याकाळी जा, दिवसभर चालून पाय थोडा सुजलेला असतो. ट्रेकला घालता तेच जाड मोजे सोबत न्या. लेस न बांधता पाय पूर्ण पुढे सरकवायचा, टाचेच्या मागे एक बोट गेलं पाहिजे. मग लेस घट्ट बांधून जिन्यावरून चार-पाच वेळा उतरून बघा, बोटं पुढे लागता कामा नयेत आणि चढताना टाच उचलली जाता कामा नये. लेबलवरच्या आकड्यावर फार विसंबू नका, पुरुषांचा यूके ८ म्हणजे यूएस ९ आणि युरोपियन ४२ च्या आसपास हे ढोबळ गणित झालं, प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा असतो आणि आपल्याकडे अनेकांचा पाय पुढून रुंद असतो, त्याला परदेशी अरुंद साचा चावतोच.

सह्याद्रीत पावसाळ्यात वॉटरप्रूफ बुटाचा तसाही फारसा उपयोग नाही, गुडघाभर ओढ्यात पाय घातला की पाणी वरून आत येतं आणि मग बाहेरच जात नाही, दिवसभर पाय त्या डबक्यात. त्यापेक्षा अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग शूज किंवा ते हिरवे हंटर शूज घालून लोक वर्षानुवर्षं गड फिरतायत. हंटरचा कापडी बूट पटकन निथळतो आणि रबराचा सोल ओल्या कातळावर बरा धरतो, मात्र घोट्याला आधार नाही आणि आत गादी जवळपास नाहीच, तेवढं लक्षात ठेवा. आणि शेवाळावर कुठलाच सोल धरत नाही, कितीही महाग घ्या.

बुटाबद्दल अजून एक, हे फार कमी जण सांगतात. बऱ्याच महागड्या बुटांचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो आणि तो दमट हवेत नुसता कपाटात पडून राहिला तरी काही वर्षांत भुसभुशीत होतो. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर चढताना आमच्यातल्या एकाचा सोल असाच सुटला, फक्त पुढच्या टोकाला चिकटलेला आणि बाकी सगळा जिभेसारखा लोंबत होता, बोटाने दाबलं तर आतला थर भाकरीच्या चुऱ्यासारखा हातात यायचा. बूट दिसायला कोरे होते, चार वर्षांपूर्वी कोणीतरी बाहेरून आणून दिलेले आणि दोनदाच घातलेले. सॅकचा पट्टा काढून बुटाभोवती बांधला आणि तसाच त्याला वर नेला. त्यामुळे सेलमधले जुने बूट घेताना बुटाच्या जिभेच्या आतल्या लेबलवर उत्पादनाची तारीख सापडते का बघा, आणि घरातले जुने बूट ट्रेकच्या आठवडाभर आधी घालून दोन-तीन किलोमीटर चालून या. साध्या बुटाचा सोल मोचीकडून कडेने शिवून घेतला तर आणखी एखादा सीझन आरामात निघतो.

सॅकचं पण तेच. मानेखालचं वर आलेलं हाड ते कमरेचं हाड एवढी पाठीची लांबी मोजायची आणि त्याप्रमाणे सॅक बघायची, आपल्या उंचीवरून नाही. दुकानात सांगून आत आठ-दहा किलो वजन भरा, कमरेचा पट्टा आधी बांधा, मग खांद्याचे पट्टे ओढा आणि दहा मिनिटं फिरा. वजन कमरेवर आलं पाहिजे. डेकॅथलॉन, वाइल्डक्राफ्ट अशा दुकानांत हे करू देतात. रेनकव्हरवर विश्वास ठेवू नका, पुण्याच्या बोहरी आळीत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घेऊन ती सॅकच्या आत अस्तरासारखी घाला आणि सगळं सामान तिच्यात भरा, माझ्या अनुभवात याच्याइतकं कोरडं काहीच ठेवत नाही.

रेनजॅकेटसाठी लोक वीस-वीस हजार घालवतात ते बघून वाईट वाटतं. ते श्वास घेणारं कापड कोरड्या, थंड हवेत छान काम करतं, पण जुलैत घाटमाथ्यावर बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते तर घाम जाणार कुठे, आतून भिजताच. पॉंचो, म्हणजे सॅकसकट वरून घालायचा सैल रेनकोट, घ्या, वारा नसेल तर छत्री घ्या. जिथे इरलं पांघरून लोक दिवसभर भातलावणी करत आले तिथला पाऊस आहे हा. हिमालयात जाणार असाल तर गोष्ट वेगळी, तिथे चांगलं जॅकेट लागतं, पण पहिलाच ट्रेक असेल तर जॅकेट, स्लीपिंग बॅग भाड्याने घ्या. स्लीपिंग बॅग विकत घेताना लेबलवर कम्फर्ट आणि लिमिट असे तापमानाचे दोन आकडे असतात त्यातला कम्फर्टचा बघायचा, जाहिरातीत बहुतेक वेळा मोठ्या अक्षरात दुसरा असतो.

आता कड्यावर लागणारे रोप, हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे), कॅराबिनर (रोप अडकवायची झडपेची कडी). इथे मी कोणाचंच ऐकत नाही. रोपवर ईएन ८९२ (ईएन म्हणजे युरोपियन मानक), हार्नेसवर ईएन १२२७७, कॅराबिनरवर ईएन १२२७५, हेल्मेटवर ईएन १२४९२ किंवा यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघटनेचा शिक्का, कॅराबिनरच्या अंगावर किलोन्यूटनमध्ये ताकद कोरलेली, आणि सोबत कंपनीचं माहितीपत्रक, एवढं सगळं पाहिजे. पण शिक्का नकली पण मारता येतो, पेट्झलसारख्या कंपनीने आपल्या नावाच्या बनावट मालाबद्दल स्वतः इशारा दिलेला आहे, म्हणून स्वस्त दिसलं की कुठल्याही साइटवरून मागवू नका. काठमांडूच्या ठमेलमधून परत येताना डफल किंवा डाउन जॅकेट जरूर आणा, पण ब्रँडचं नाव लावलेला नकली माल तिथे भरपूर असतो त्यामुळे हार्नेस तिथल्या फुटपाथवरून नको. वापरलेला रोप तर मित्राकडून फुकट मिळाला तरी घेऊ नका, त्याने किती झटके खाल्लेत ते बाहेरून दिसत नाही, आणि न वापरलेल्या रोपचंही आयुष्य बहुतेक कंपन्या जास्तीत जास्त दहा वर्षं धरतात. लिंगाण्याच्या कड्यावर दोन हजार रुपये वाचवल्याचं समाधान काही कामाचं नाही.

एवढं करूनही बाहेरून मागवायचंच असेल तर आधी हिशोब करा. ड्युटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही, शिपिंग आणि विमा धरून लागते, आणि मग त्या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. समजा १०० डॉलरचा स्टोव्ह आणि ३० डॉलर शिपिंग. ड्युटी २० टक्के धरली तर २६, त्यावर १० टक्के अधिभार म्हणजे २.६०, झाले १५८.६०, त्यावर १८ टक्के आयजीएसटी की पोचलात १८७ वर. हे दर फक्त गणित कळावं म्हणून घेतलेत, खरे दर वस्तूप्रमाणे आणि बजेटप्रमाणे बदलतात, ते मागवायच्या आदल्या दिवशी तपासायचे. वर कुरियरवाल्याचे क्लिअरन्सचे पैसे आणि कार्डावरचा फॉरेक्सचा चार्ज. गिफ्ट लिहून पाठवतो असं विकणारा म्हणाला तर सांगा की नको, पाच हजारापर्यंतच्या गिफ्टची जुनी सवलत डिसेंबर २०१९ मध्येच काढून टाकली, आणि किंमत कमी दाखवली तर अडकणार तुम्हीच. केवायसीसाठी आधार किंवा पॅन मागतात, बिल आणि पेमेंटचा पुरावा जवळ ठेवा म्हणजे पार्सल पडून राहत नाही.

येणाऱ्या नातेवाइकाकडून आणणं यापेक्षा बरं पडतं. प्रवाशाला ठराविक रकमेपर्यंतचं सामान ड्युटीशिवाय आणता येतं, २०१६ च्या नियमांत ती मर्यादा ५०,००० रुपये होती, नेपाळ-भूतानहून येणाऱ्यांना वेगळी, चालू आकडा कस्टमच्या साइटवर बघून घ्या. नवरा-बायकोची मर्यादा एकत्र करून एकच महाग वस्तू आणता येत नाही. आणि दादाला-वहिनीला आधी विचारा हो, त्यांच्या तेवीस किलोच्या बॅगेत आईसाठीचं पण सामान असतं. हेडलॅम्प, पाण्याचा फिल्टर, टायटॅनियमचं भांडं, इथे न मिळणारा बकल किंवा तंबूच्या पोलचा जोड, एवढंच सांगावं.

काही गोष्टी मात्र अजिबात मागवू नका. गॅसचं कॅनिस्टर विमानात चालतच नाही, ते इथेच घ्या, फक्त स्टोव्हचे आटे त्याला बसतात का बघा. गार्मिनच्या इनरीचसारखं सॅटेलाइटवर मेसेज पाठवणारं यंत्र परवान्याशिवाय आपल्याकडे बेकायदा आहे, डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन बाईंना त्याच्यावरूनच अडवलं होतं आणि त्यांना हा नियम माहीतच नव्हता. वॉकीटॉकीचंही तसंच, आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे छोटे सेट विनापरवाना चालतात, अमेरिकेतले साधे सेट ४६२ आणि ४६७ वर असतात, ते इथे चालवता येत नाहीत. ड्रोनच्या आयातीवर तर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. तुमचा भाऊ निघायच्या आधी एवढा परिच्छेद तरी त्याला पाठवून ठेवा.