हार्टब्लीड: पॅकेज बदललं, तरी पोस्टग्रेस जुनंच धरून बसलं

एप्रिल २०१४. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या १.०.१ ते १.०.१एफ आवृत्त्यांत हार्टब्लीड हा सुरक्षा-दोष सापडला आणि आमचे पोस्टग्रेस डेटाबेसचे सर्व्हर नेमके त्यातच. लॉगिन न करताही एका खेपेला ६४ केबीपर्यंत मेमरी वाचता येत होती. त्यात पासवर्ड, खासगी की, काहीही असू शकतं. आधी पोस्टग्रेसचं ५४३२ पोर्ट बाहेरून बंद केलं, मग ओपनएसएसएलचं पॅकेज अपडेट. सेंटओएस या लिनक्सवर तेव्हा आवृत्ती तरीही १.०.१ई दिसायची, पण घाबरायचं कारण नव्हतं: दुरुस्ती त्याच आवृत्तीत घातली होती. खात्रीसाठी पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या यादीत) सीव्हीई-२०१४-०१६० हा या दोषाचा क्रमांक शोधायचा.

खरी गोम पुढेच. कोणता प्रोग्रॅम कोणत्या फाइल्स उघडून बसलाय ते दाखवणाऱ्या एलसॉफ कमांडने पाहिलं, तर चालू पोस्टग्रेसच्या मेमरीत जुनीच लायब्ररी! रीलोडने (फक्त सेटिंग्ज पुन्हा वाचून) भागत नाही, रीस्टार्टच हवा. त्यानंतर नवी की, नवं सर्टिफिकेट, जुनं रद्द, आणि सगळ्यात शेवटी पासवर्ड. रेप्लिकेशनच्या (डेटाची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवण्याच्या) युजरचाही बदला. तो हमखास राहतो.