लांब पल्ल्याच्या ट्रकवर नवीन बसताय? या चुका टाळा

नाशिकच्या आडगाव ट्रक टर्मिनलवर महिन्याला दोन-तीन पोरं तरी येतात. 'मामा, लाइनवर जायचंय, कुठे चिकटवता का?' लाइन म्हणजे दिल्ली, कोलकाता, बेंगळुरू. पोरं वाईट नसतात. कुणी छोटा हत्ती चालवलेला असतो, कुणी द्राक्षाच्या सीझनला पिकअप. घाई मात्र सगळ्यांना सारखीच. एकवीस वर्षं स्टेअरिंगवर काढून मी आता गुडघ्यांमुळे खाली उतरलोय. त्याच त्या चुका बघून वीट आला, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

उतारावर न्यूट्रल

ही आधी, कारण हिच्यात माणूस मरतो. घाट लागला की गाडी न्यूट्रल करून सोडायची, डिझेल वाचतं म्हणे.

एकदा कांदा भरून वाशीला निघालो होतो. दहा चाकी गाडी, अठरा टन माल. सोबत सातपूरचा एक पोरगा, हातात नवंकोरं हेवी लायसन्स. घोटीला चहा घेतला आणि म्हटलं, चल, इगतपुरीपर्यंत तू चालव, घाट मी उतरवतो. मग माझा डोळा लागला. ही माझी चूक, ती त्याच्यावर ढकलत नाही. जाग आली ती आवाजाने नाही, आवाज गेल्यामुळे. इंजिन घुमत होतं ते एकदम गप्प, नुसता वारा. बघतो तर कसारा घाटात गाडी सुसाट, गिअरचा दांडा मधोमध आणि हा बाबा ब्रेकवर थपाथप पाय मारतोय. ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास केबिनमध्ये शिरलेला. ब्रेकच्या हवेच्या दाबाचा काटा आठवरून साडेपाचला आलेला.

गिअर पडेना. त्या वेगाला खालचा गिअर कसा पडणार? त्याला म्हटलं, पाय काढ, रेस दे, मी दांडा मारतो. दोनदा करकरला, तिसऱ्यांदा पाचवा पडला. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखतो तो) दाबला, मग चौथा, मग तिसरा. शेवटी डावी चाकं डोंगराकडच्या गटारीत घालून गाडी उभी केली. कमानपाटा तुटला, बंपर गेला. आम्ही दोघे धड राहिलो.

पोरगा उतरला आणि पाण्याचा कॅन घेऊन पळाला, धुरावर ओतायला. ओरडून थांबवला. तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडलं की ड्रम तडकतो. चाकांना दगड लावले आणि दीड तास नुसते बसून राहिलो. ड्रम आपोआप निवू द्यायचे, दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

आता हिशोब बघा. घाटात न्यूट्रल मारून वाचलं असतं तर लिटरभर. तेही वाचत नाही, कारण हल्लीच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की डिझेलचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. माझी सवय जुनीच आहे: ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचा, आणि गिअर टाकायचा तो उतार सुरू होण्याआधी. मागचा हॉर्न वाजवतो? वाजवू दे. कसाऱ्याला जे, तेच चांदवडजवळच्या राहूड घाटाला आणि तेच सेंधव्याकडून येताना बिजासनला. बिजासन उतरलं की पळासनेर. जुलै 2023 मध्ये तिथे ब्रेक गेलेली गाडी रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरली आणि अनेक जीव गेले. त्या हॉटेलात बसलेल्यांनी काय केलं होतं?

लायसन्स 'बसल्या जागी'

हेवी लायसन्सला वय 20 पूर्ण हवं, हलक्या गाडीचं लायसन्स वर्षभर जुनं हवं आणि मान्यताप्राप्त स्कूलचं प्रशिक्षण प्रमाणपत्र हवं. आठवी पासची अट 2019 मध्ये निघाली. प्रमाणपत्र पैसे देऊन मिळतं असं सांगणारे भेटतीलच. घ्या खुशाल, पण मग पहिल्या घाटात शिकायची फी भरावी लागते. मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोवर टँकर चालवायची हौस असेल तर धोकादायक मालाचं वेगळं प्रशिक्षण लागतं, आणि लायसन्सवर तशी नोंदही.

माझं मत विचाराल तर लायसन्स मिळाल्यावर निदान सहा महिने कुणाच्या तरी शेजारी बसा. क्लीनर म्हणून बसायला लाज वाटत असेल तर हा धंदा सोडा.

कांदा आवळून बांधणं

नाशिकचा ड्रायव्हर आणि कांदा भरता येत नाही, असं म्हटलं की पोरं हसतात. भरतात हमाल, बरोबर. पण ताडपत्री तुम्ही बांधता. मी स्वतः पहिल्याच वर्षी लासलगावहून लाल कांदा घेऊन दिल्लीला गेलो. आभाळ भरून आलेलं, म्हणून ताडपत्री चारही बाजूंनी खाली ओढून रस्सा असा आवळला की बोटं सोलली. पाऊस पडलाच नाही. तिथल्या आझादपूर मंडीत ताडपत्री उचलली तर आतून वाफ आली, अक्षरशः भाताचं झाकण काढल्यासारखी. वरच्या थराच्या गोण्या चिकट, हात लावला की बोट आत. व्यापाऱ्याने भाड्यातून पैसे कापले आणि शेठने माझ्या भत्त्यातून.

उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्महिने टिकतो. लाल कांद्यात पाणी जास्त, त्याला हवा लागते. कोरडं असेल तर मी ताडपत्री नुसती वर टाकतो आणि बाजू खोचून मोकळ्या ठेवतो. थेंब पडला तरच खाली सोडतो, उघडीप झाली की परत वर. दर चहाला एकदा मागे जाऊन जाळीच्या गोणीवर हात ठेवतो. हाताला गरम लागलं की झोप विसरायची आणि आधी बाजू मोकळ्या करायच्या.

कागद न बघता निघणं

कांद्याला ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागत नाही, म्हणून आपल्या पोरांना त्याची सवयच नसते. मग कधी तरी अंबड एमआयडीसीतून मशीनचे पार्ट भरतात आणि बिल्टी (ट्रान्सपोर्टची मालपावती) खिशात कोंबून निघतात. 50,000 रुपयांवरच्या मालाला ते बिल लागतं, आणि त्याची मुदत 200 किलोमीटरला एक दिवस या हिशोबाने असते. गाडी बिघडून दोन दिवस अडकलात तर मुदत संपते. ती संपायच्या आधी आठ तास किंवा नंतर आठ तास, एवढ्यातच वाढवता येते. बिलावरचा गाडी नंबर आपलाच आहे ना, तेही बघा. हसू नका, एक आकडा चुकला म्हणून माझी गाडी नाक्यावर अडली आहे.

वजनाचंही तसंच. दहा चाकी गाडीचं मालासकट वजन 28.5 टनांच्या वर नको. ओव्हरलोडला 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, शिवाय जादा माल उतरवून घेतात तो वेगळाच. 'तू काढ गाडी, पुढचं मी बघतो' असं शेठ म्हणतो. पुढे तुम्ही एकटे असता. वजनकाट्यावर स्वतः उतरा, पावतीचा फोटो काढा.

झोप

1961 च्या मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहिली होती; नोव्हेंबर 2025 मध्ये तो नव्या कामगार संहितेत गेला. लाइनवर तो पाळणारा शेठ मला भेटला नाही. मी रात्री दोन ते पाच गाडी उभीच ठेवायचो. गोळ्या, गुटखा, मोठ्याने गाणी, यातलं काहीही झोप घालवत नाही, फक्त ती आली हे कळू देत नाही.

बाकीच्या, पटापट

रिव्हर्स घेताना क्लीनर आरशात दिसला नाही की थांबा. दिसला नाही म्हणजे तो चाकाजवळ आहे असंच धरा.

थांबलात की टॉमीने (लोखंडी दांड्याने) टायर ठोका. जोडटायरच्या मधे अडकलेला दगड हाताने ओढू नका.

बीएस 6 (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीच्या, धूर साफ करायच्या युरियाच्या टाकीत पाणी घालणाऱ्या हुशारांनो, गाडी मधेच ताकद सोडेल.

मोठी उचल घेऊ नका. उचल फिटेपर्यंत शेठ बदलता येत नाही.

आणि वाराई. माल उतरवताना हमाल पैसे मागतात, ते द्यायचे कुणी? 'ज्याचा माल त्याचा हमाल' हे वाहतूकदार कधीपासून ओरडतायत, तरी पहिल्या ट्रिपला पोरं खिशातून देतात. निघण्याआधी ट्रान्सपोर्टवाल्याला विचारा आणि बिल्टीवर लिहून घ्या. तो म्हणेल, 'अरे, देतात ते लोक, लिहायचं काय त्यात?' तरी पेन पुढे करा.