लेकराची लस: या चुका टाळा

दिवाळीनंतर कापूस वेचणीला जोर येतो आणि अंगणवाडीत लसीकरण असतं त्याच दिवशी बाया वावरात असतात. डोस राहून जातो. मग महिना-दोन महिन्यांनी घरातलं मोठं माणूस म्हणतं, "आता तारीख गेली, पुन्हा पहिल्यापासून करावं लागंल, राहू दे." माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पेंटाव्हॅलेंटचा (पाच रोगांवरची एकत्र लस, तिलाच पेंटा म्हणतात) दीड महिन्याचा डोस झाला अन् अडीच महिन्यांचा हुकला, तरी पहिला वाया जात नाही. शरीरानं जंतूंची ओळख ठेवलेली असते. जिथं थांबलं, तिथून पुढं सुरू करायचं. वीटभट्टीवर किंवा परगावी कामाला जाताना कार्ड सोबत न्या, लस तिथल्या उपकेंद्रातही मिळते.

गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावरच का? आईकडून मिळालेली प्रतिपिंडं (जंतूंशी लढणारी प्रथिनं) बाळाच्या रक्तात असतात आणि ती लसीतल्या विषाणूलाच निष्प्रभ करतात. नऊ महिन्यांपर्यंत ती बरीचशी ओसरतात. तरीही या वयात शंभरातल्या पंधराएक लेकरांवर पहिल्या डोसचा पुरेसा परिणाम होत नाही, म्हणून 16 ते 24 महिन्यांत दुसरा. "एकदा टोचलं ना!" म्हणून तो सोडू नका. आणि अंगावर पुरळ उठलं तर 'माता आली' म्हणून निंबाच्या पाल्यावर थांबू नका. आशाताईला कळवा, गोवरात जीवनसत्त्व 'अ'चे डोस द्यावे लागतात.

पेंटाच्या रात्री पोरगं तापानं फणफणतं, मांडी सुजते. सिस्टरनं सांगितलं तेवढंच पॅरासिटामॉल द्या. टोचल्या जागी तेल-हळद चोळू नका. बीसीजीचं, म्हणजे क्षयरोगाच्या लसीचं, वेगळंच: दोन-चार आठवड्यांनी डाव्या दंडावर गाठ येते, मग पू, मग खपली. ती पिळायची नाही, मलमही नको, आपोआप भरते. झटके आले किंवा लेकरू दूधच घेईना, तर मात्र लगेच दवाखाना.

कुत्रं चावलं की जखमेत तिखट-चुना भरणारे अजून आहेत. आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा, मग लगेच रेबीजची लस घ्या. सरकारी दवाखान्यात ती साधारण 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी देतात. रक्त निघालं असेल तर नुसती लस पुरत नाही: तिच्यातून प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो, तोवर तयार प्रतिपिंडांचं सीरम जखमेत टोचावं लागतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात सीरम नसेल तर त्याच दिवशी ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गाठा.