मोरी तुंबली? अ‍ॅसिडची बाटली राहू द्या, आधी जाळी उचला

शॉवर सुरू करून दोन मिनिटं झाली नाहीत तोच पावलं पाण्यात बुडतात आणि साबणाचा फेस उंबऱ्याकडे सरकायला लागतो. अशा वेळी बहुतेक घरांत कोपऱ्यावरच्या दुकानातून अ‍ॅसिड नाहीतर कॉस्टिकची पुडी आणली जाते. कृपा करून आणू नका. पाणी हळू उतरतं ते बहुतेक वेळा केसांमुळे, आणि केसांचा गुंता हाताने वर काढता येतो. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने केस फारसे विरघळतही नाहीत. ते खातं लाद्यांमधलं सिमेंट आणि जुना बिडाचा पाइप. कॉस्टिक सोडा पाण्यात पडला की इतका तापतो की पीव्हीसीचा पाइप आणि त्याचे सांधे नरम पडू शकतात.

मुंबईत याला आणखी एक बाजू आहे. आपल्या मोरीखालचा पाइप म्हणजे खालच्या घराचं छत. जुन्या इमारतींत तो खालच्यांच्या बाथरूममध्ये उघडा लटकत असतो, नव्या इमारतींत लादीखालच्या भरावात दडलेला असतो. सांधा गेला की ओल खाली उतरते, मग भांडणं, लाद्या फोडणं, वॉटरप्रूफिंग. शिवाय अ‍ॅसिडने मोरी मोकळी झालीच नाही, तर ते पाणी तसंच साचून राहतं आणि दुसऱ्या दिवशी प्लंबरचा हात त्यात जातो. आधीच कोणी काही ओतलं असेल तर खिडकी उघडा, मोरीत हात किंवा पंप घालू नका, त्यावर दुसरं काहीही ओतू नका. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, आणि आपल्या बाथरूमची खिडकी केवढीशी असते! प्लंबरला काय ओतलंय ते स्पष्ट सांगा.

अडलंय कुठे?

कामाला नळाला पाणी असण्याची वेळ निवडा, किंवा दोन बादल्या आधी भरून ठेवा. मोरीत अर्धी बादली पाणी एकदम ओता आणि बघत राहा. लगेच तुंबून मग हळूहळू उतरलं, तर अडथळा जाळीच्या आसपास किंवा लगेच खाली आहे. थोडा वेळ नीट जाऊन मग तुंबलं, तर तो पुढे पाइपात आहे. आता बेसिनचा नळ सोडा. पुष्कळ फ्लॅट्समध्ये बेसिनचं आणि वॉशिंग मशीनचं पाणी त्याच नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या पाणी साठून राहणाऱ्या भांड्यात, येतं. बेसिनचं पाणी मोरीतून वर येत असेल, तर ट्रॅप किंवा त्याच्या पुढचा पाइप अडलाय.

जाळी आणि ट्रॅप

लागतील अशा वस्तू: रबरी हातमोजे, स्क्रू ड्रायव्हर, बॅटरी, जुना टूथब्रश, जुनं वर्तमानपत्र, आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी काटेरी प्लॅस्टिकची पट्टी. पट्टी नसेल तर कपड्यांच्या हँगरची तार सरळ करून टोकाला बोटाच्या पेराएवढा आकडा वळवा. टोक आत दाबून बोथट करा, नाहीतर ते पाइपाला ओरखडे पाडतं आणि पुढचे केस नेमके तिथेच अडकतात.

जाळीला स्क्रू असतील तर काढून वाटीत ठेवा, मोरीत पडले की गेले. झुरळं अडवणारी जाळी बहुधा फिरवली की निघते. पांढऱ्या सिमेंटने बसवलेली असेल तर कडेचं सिमेंट टोकाने हळूहळू खरवडा. हातोडा मारू नका, लादीचा कोपरा उडतो.

आता बॅटरीने आत बघा. जाळीच्या खालच्या बाजूलाच केसांची राखाडी, बुळबुळीत वात लोंबताना दिसेल. केस तेवढे काळे, बाकी सगळा साबणाचा थर, अंगाचं तेल, डाळीच्या पिठाचे नाहीतर शिकेकाईचे कण. ती खेचताना घाई नको. चिमटीत धरून गोल गोल पिळत वर घेतली की सबंध येते, झटका दिला की तुटते आणि उरलेली आत जाते. वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाका. कमोडमध्ये टाकलीत तर तोच गुंता पुढच्या पाइपात जाऊन बसेल.

ट्रॅपमध्ये सुटी वाटी असेल तर ती उचलून ब्रशने आतून-बाहेरून घासा आणि परत तशीच बसवा. ट्रॅपमध्ये पाणी साठून राहतं म्हणून गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. पाणी लवकर जावं म्हणून वाटी काढून टाकणारे प्लंबर भेटतात, पण त्यांचं ऐकू नका. वाटी बाहेर असतानाच काटेरी पट्टी पाइपाच्या तोंडातून आत सरकवा, हलकेच फिरवा आणि सावकाश बाहेर काढा. ती कोरी बाहेर येईपर्यंत हे करत राहा. दरवेळी केस पुसून मगच पुन्हा आत घाला. बहुतेक मोऱ्या इथेच मोकळ्या होतात.

गरम पाणी, पण उकळतं नव्हे

केस निघाल्यावर चिकट थर उरतो. त्यावर भांडी घासायचं लिक्विड दोन चमचे टाका, दहा मिनिटं थांबा आणि गिझरचं गरम पाणी बादलीभर, सलग धार धरून सोडा. हाताला जेमतेम सोसेल इतकंच गरम हवं. उकळतं पाणी पीव्हीसी पाइपात ओतू नका. खोबरेल तेल साधारण 24 अंशांखाली गोठतं, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत मोरी जास्त कुरकुरते आणि तेव्हा या गरम पाण्याचा खरा उपयोग होतो. ज्या सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरिंगचं पाणी येतं तिथे साबणाचा पांढरा थर लवकर चढतो, कारण जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा साका बनतो. तानसा, वैतरणा, भातसाचं पालिकेचं पाणी त्या मानाने मऊ.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. फेस छान येतो, पण दोन्ही पदार्थ एकमेकांना मारतात आणि उरतं जवळजवळ खारट पाणी. केसांचा गुंता त्याने सुटत नाही. जाळी घासायला नुसता सोडा मात्र चांगला.

तरीही अडलं असेल तर

रबरी पंप घ्या. बेसिनचं पाणी त्याच ट्रॅपला येत असेल तर बेसिनचं भोक आणि त्याच्या वरच्या कडेजवळचं छोटं भोक ओल्या फडक्याने घट्ट बंद करा, नाहीतर सगळा जोर तिकडून निघून जातो. पंपाची वाटी बुडेल इतकं पाणी मोरीवर साचू द्या, वाटी तिरपी घालून आतली हवा जाऊ द्या, मग लादीला चिकटवून पंधरा-वीस वेळा वरखाली करा. जोर दाबण्यापेक्षा खेचण्यावर ठेवा. गुंता वर यायला हवा, खालच्या वळणात जाऊन बसायला नको.

याने भागलं नाही तर हाताने फिरवायची स्प्रिंग, तीन मीटरची पुरते. आत सरकवत एकाच दिशेने फिरवा. अडली की रेटू नका, जागेवर फिरवत गुंत्यात रुतू द्या आणि तशीच बाहेर ओढा. बिडाच्या जुन्या पाइपात विशेष जपून, गंजलेला सांधा धक्क्याने सुटतो. घरात नुकतंच लाद्यांचं काम झालं असेल आणि त्यानंतर मोरी तुंबली असेल, तर आत सिमेंटचा राडा घट्ट झालेला असू शकतो. तिथे यातलं काहीच चालत नाही, सरळ प्लंबर बोलवा.

एकदा मोकळी झाली की जाळीवर केस अडवणारी बारीक चाळणी ठेवा आणि आंघोळीनंतर लगेच ती साफ करायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा. केस धुण्याआधी विंचरले की सुटे केस कंगव्यातच राहतात. दिवाळीत अभ्यंगस्नानाला तेल आणि उटणं सगळ्यांचंच होतं, त्या दिवशी शेवटच्या आंघोळीनंतर बादलीभर गरम पाणी सोडाच.

आपलं काम कुठे संपतं

दोन्ही बाथरूम एकदम तुंबली, वरच्यांनी पाणी सोडलं की आपल्याकडे गुळगुळ आवाज येतो, किंवा तळमजल्यावर मोरीतून घाण पाणी उलटं वर येतं, तर अडथळा इमारतीच्या मुख्य पाइपात किंवा चेंबरमध्ये आहे. घरातून पंप मारत बसू नका, सेक्रेटरींना लेखी कळवा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक सांडपाण्याच्या पाइपाची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने होते, घरातल्या बाथरूमची गळती मात्र सभासदाकडे. चेंबर साफ करायला माणसं आली तर काम वरूनच, बांबूने किंवा जोरदार पाणी मारणाऱ्या जेटिंग मशीनने होतंय ना, हे उभं राहून बघा. सुरक्षासाधनांशिवाय कोणाला गटारात उतरवणं 2013 च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. कोणी उतरायला निघालं तर काम तिथेच थांबवा आणि मशीन मागवा.